कागद घेताना आधी घडी बघा, मग भाव

क्राफ्टचा व्यवसाय सुरू करणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, कागद स्वस्त कुठे मिळेल?" माझं म्हणणं, हा प्रश्न तिसरा ठेवा. पहिला प्रश्न, कागद किती जाड हवा? दुसरा, घडी कुठल्या बाजूने पडणार? का, ते माझ्याच तोट्यातून सांगते.

दुकान नवीन होतं. बारशाच्या २०० आमंत्रणांची ऑर्डर आली. उघडल्यावर ७ × १० इंच, आणि १० इंचाच्या बाजूला समांतर घडी, म्हणजे उंच, अरुंद कार्ड. मी २२ × २८ इंची मरून कार्डशीट घेतलं, ३०० जीएसएम. एका पद्धतीने कापलं तर शीटमधून ६ कार्डं निघत होती, फिरवून कापलं तर ८. बीबीएवालं डोकं, लगेच हिशोब केला: ३४ शीटचं काम २५ मध्ये! सगळी कापली, घड्या घातल्या, आणि प्रत्येक घडीवर रंग तडकून पांढरी रेघ. गिऱ्हाइकाने एक कार्ड हातात घेतलं आणि न बोलता खाली ठेवलं. पुन्हा ३४ शीट आणली, दोन रात्री जागले. ९ वाचवायला गेले आणि २५ घालवून बसले.

चूक कुठे झाली?
मशीनवर कागद बनताना त्यातले बहुतेक तंतू एकाच दिशेने बसतात. याला ग्रेन म्हणतात. घडी ग्रेनला समांतर असेल तर स्वच्छ पडते. आडवी गेली की जाड कागद तडकतो. माझी ८ कार्डं ग्रेनच्या आडवी निघत होती.

ग्रेन ओळखायला चौकोनी तुकडा घ्या. घडी न घालता आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने हलकेच वाकवा. ज्या बाजूने सहज वाकतो, त्या वळणाला समांतर ग्रेन. अजून शंका असेल तर तुकड्याच्या एकाच बाजूला पाण्याचा हात फिरवा. कागद नळीसारखा वळेल. नळीची लांबी ज्या दिशेला, त्याच दिशेला ग्रेन.

जीएसएम घरीच तपासा
जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए४ चे १६ कागद मिळून जवळपास एक चौरस मीटर होतात. म्हणून १६ कागद स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. जितके ग्रॅम, साधारण तितका जीएसएम. १२० सांगून घेतलेला कागद ९५ ग्रॅम भरला, तर दुकानदाराशी बोलायला तुमच्याकडे पुरावा आहे.

मी काय वापरते?
- पाकिटं: १०० ते १२० जीएसएम.
- छोट्या कागदी पिशव्या: १२० ते १५० चा खाकी क्राफ्ट पेपर. त्याचे लांब तंतू ताण चांगला सहन करतात.
- शुभेच्छापत्रं: २०० ते २५०.
- टॅग, छोटे बॉक्स: २५० ते ३००.
- आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या: पतंगी कागद. हलका असतो, वाऱ्यावर छान हलतो. पण त्याचा रंग ओलाव्याने उतरतो, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा.
- हातकागद: पुण्यात शिवाजीनगरला चिंध्यांच्या लगद्यापासून असा कागद बनतो. यात ग्रेन फारसा नसतो, पण पोत खडबडीत, त्यामुळे बारीक अक्षरांची छपाई आधी करून बघा.

२०० जीएसएमच्या पुढे थेट घडी घालू नका. पट्टी धरून, शाई संपलेल्या बॉलपेनने आधी रेघ दाबा, मग दुमडा.

आता भाव
शीटची किंमत भागिले त्यातून निघणारे विकण्याजोगे नग. "विकण्याजोगे" हा शब्द विसरू नका! माझ्या शीटमधून कागदावर ८ निघत होते, विकण्याजोगा एकही नव्हता. म्हणून ऑर्डर घेताना भाव ६ चाच धरून सांगा. गिऱ्हाइकाला दोन रुपये जास्त वाटले, तर तडकलेली आणि नीट पडलेली अशा दोन्ही घड्या दाखवा. माझ्या काउंटरवर ते मरून कार्ड अजून ठेवलेलं आहे. बहुतेक वेळा पुढे काही बोलावं लागत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या वस्तूसाठी एकच शीट आणा. ग्रेन बघा, वजन करा, एक नमुना पूर्ण बनवा आणि रात्रभर ठेवून सकाळी घडी तपासा. मगच गठ्ठा घ्या. भेटूया पुढच्या भागात!