बाटली आणण्याआधी दाणा बघा

पावसाळ्यात मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न एकच. "वहिनी, कोंबड्याची मान वाकडी झालीय, कुठलं व्हिटॅमिन देऊ?" आजार काय ते विचारणाऱ्याने ठरवलेलं असतं, औषधही ठरवलेलं असतं, फक्त बाटलीचं नाव हवं असतं. मी नाव सांगत नाही. आधी विचारते, मानमोडीची लस कधी दिली होती? आणि खायला काय घालता?

लोकांना वाटतं ही उगाच चौकशी करतेय. पण आमच्याच वाडीत, एकाच घरात जे घडलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून हे दोन प्रश्न मी सोडत नाही.

माझ्या जाऊबाईंनी एका मृगात सुधारित जातीची एक दिवसाची पिल्लं आणली. पाऊस धरलेला, म्हणून पिल्लं पडवीतच खोक्यात, बल्बच्या उबेला. खायला पांढऱ्या तांदळाची कणी, दुसरं काही नाही. दहा-बारा दिवसांची झाली आणि पिल्लांची बोटं आत वळू लागली. मुठी आवळल्यासारखे पाय करून ती ढोपरांवर चालायची. डोळे मात्र तरतरीत, दाण्यावर तुटून पडायची. दुकानदाराने बी-कॉम्प्लेक्सची बाटली दिली. तीन-चार दिवसांत बरीचशी पिल्लं उभी राहिली. ज्यांची बोटं आधीपासून फार वळली होती ती तशीच राहिली, कारण बी-२ ची उणीव लांबली की पायाच्या मोठ्या नसेला झालेली इजा भरून येत नाही. तरीही बाटलीने गुण दिला होता आणि घराचा तिच्यावर विश्वास बसला.

पुढच्या श्रावणात त्याच खुराड्यात राखणीसाठी आणि दिवाळीला विकायला ठेवलेले कोंबडे होते, चांगले गलोल लोंबणारे. त्यातल्या दोघांच्या माना पिळवटल्या. पुन्हा तीच बाटली आली. "शिरांचा अशक्तपणा आहे," असं दुकानात सांगितलं गेलं. घरातल्यांनी जीव लावून एकेका कोंबड्याला मांडीवर धरलं, एकाच ड्रॉपरने सगळ्यांच्या चोचीत थेंब सोडले. हिरवी पातळ विष्ठा, चोच उघडी टाकून श्वास घेणं, हे दिसत होतं, पण ते पावसाच्या गारठ्यावर ढकललं गेलं. पशुवैद्यक आले तोवर खुराडं जवळपास रिकामं झालं होतं आणि शेजारच्या दोन घरांतही मर सुरू झाली होती. ती मानमोडी होती, म्हणजे राणीखेत. विषाणूचा आजार. त्या कोंबड्यांना लस कधीच मिळाली नव्हती. आणि एका चोचीतून दुसऱ्या चोचीत गेलेला ड्रॉपर, एकाला धरून मग दुसऱ्याला धरणारे हात, यांनी तो आजार खुराडभर नेला. औषध पाजण्याच्या मायेनेच तो पसरला, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

दोन्ही वेळा दुखणं नसांचंच दिसत होतं. एकदा कारण ताटात होतं, एकदा विषाणूत. जीवनसत्त्व उणीव भरून काढतं. विषाणू मारत नाही. एवढं लक्षात राहिलं तरी गावोगावची कितीतरी खुराडी वाचतील.

मग ओळखायचं कसं? कोंबडं बघूनच पक्कं निदान होत नाही, ते डॉक्टरांचं काम. पण काही खुणा आपल्यालाही कळाव्यात. दोन आठवड्यांच्या आसपासची पिल्लं, बोटं आत वळलेली, भूक चांगली, बाकी तब्येत ठीक, तर बी-२ चा संशय घ्यावा. मोठं कोंबडं आधी खाणं सोडतं, पायांत बळ राहत नाही आणि मग बुडावर बसून मान मागे टाकून आभाळाकडे बघत राहतं, तर बी-१. ही उणीव असेल तर ते दिल्यावर काही तासांत फरक दिसतो, आणि तसा दिसला नाही तर वाट बघत बसू नये. पिल्लं तोल जाऊन पडतात, डोकं मागे-खाली ओढलं जातं, आणि खाद्याला खवट वास आहे, तर ई जीवनसत्त्वाकडे बघावं. एक पाय पुढे, एक मागे असा फाकून पडलेला दीड-दोन महिन्यांपुढचा पक्षी बहुधा मरेक्सचा असतो. तोही विषाणूच, आणि त्याची लस पहिल्याच दिवशी उबवणी केंद्रात टोचायची असते. पिल्लं घेताना ती टोचली आहे का, हे विचारून घ्या. आणि मान वाकडी, सोबत घरघर, हिरवी विष्ठा, भराभर मर, असं असेल तर बाटली बाजूला ठेवा, आजारी पक्षी वेगळे करा आणि दवाखाना गाठा.

कोंबड्यांचा आणि जीवनसत्त्वांचा संबंध जुना आहे. मुळात ही विद्याच कोंबड्यांच्या खुराड्यातून निघाली. १८९० च्या सुमाराला जावा बेटावर, बटाव्हियाच्या लष्करी इस्पितळात क्रिस्तियान आइकमान हा डच डॉक्टर बेरीबेरीचं कारण शोधत होता. त्याच्या प्रयोगाच्या कोंबड्या लुळ्या पडल्या आणि मग आपोआप बऱ्या झाल्या. शोध घेतल्यावर कळलं, मधल्या काळात त्यांना इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला शिजवलेला पांढरा तांदूळ घातला जात होता. नव्या आचाऱ्याने लष्कराचा भात कोंबड्यांना द्यायला नकार दिला, साधा, पॉलिश न केलेला तांदूळ सुरू झाला, आणि त्या उठल्या. कोंड्याबरोबर जे निघून जात होतं त्यालाच पुढे बी-१ म्हणू लागले. १९२९ साली आइकमानला नोबेल मिळालं. के जीवनसत्त्वही कोपनहेगनला हेन्रिक डामच्या पिल्लांमुळेच सापडलं; चरबी काढलेलं खाद्य खाऊन त्यांना रक्तस्राव व्हायचा.

हे मी कोकणातल्या बायकांना आवर्जून सांगते, कारण आपल्याकडे उकडा तांदूळ होता. भात टरफलासकट उकडला की कोंड्यातलं बी-१ बरंचसं आत दाण्यात मुरतं, मग सडला तरी ते सगळं जात नाही. त्याची कणी, जोडीला नाचणी, परसातले किडे आणि ऊन, यावर गावठी कोंबडी बाटलीशिवाय जगत आली. आता पिल्लं सुधारित, वाढ भराभर, मोकळं फिरणं कमी, आणि ताटात पॉलिश केलेला तांदूळ. उणीव इथून येते.

म्हणून बाटलीआधी दाणा बघा. पिवळ्या मक्यात ए जीवनसत्त्व घडवणारं द्रव्य असतं. तांदळात आणि पांढऱ्या ज्वारीत ते नसल्यातच जमा. शेवग्याचा पाला, कोथिंबिरीचे देठ, लसूणघास, अझोला यांतून ते भरून निघतं. डी-३ उन्हात अंगात तयार होतं, म्हणून उघडीप मिळेल तेव्हा पक्षी बाहेर सोडा. सतत आत कोंडलेल्या पिल्लांच्या चोची रबरासारख्या मऊ होतात. भाताचा कोंडा ताजा असेल तरच घाला. तो फार लवकर खवटतो, आणि खवट तेल ई जीवनसत्त्वाचा नाश करतं. बुरशी आलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड तर अजिबात नको. पावसाळ्यात त्यातल्या अफ्लाटॉक्सिनने यकृत खराब होतं, आणि मग वरून कितीही टॉनिक ओता, अंगी लागत नाही. "धुऊन, वाळवून घातलं तर?" असं विचारतात. नाही. ते विष धुतल्याने जात नाही.

कंपनीचं तयार खाद्य घालत असाल तर त्यात जीवनसत्त्वं मिसळलेली असतात. वर्षभर बाटलीची गरज नसते. नवी पिल्लं प्रवासातून आली, कडक उन्हाळा आहे, लस टोचली, औषधाचा कोर्स संपला, अशा वेळी थोडे दिवस द्यावं. सी जीवनसत्त्व कोंबडी स्वतः अंगात बनवते, पण उन्हाच्या तडाख्यात वरून दिलेलं उपयोगी पडतं.

देण्याचीही रीत आहे. मोठं कोंबडं दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पितं, उन्हाळ्यात जास्त. अख्ख्या बादलीत औषध कालवलं तर निम्मं संध्याकाळी ओतून द्यावं लागतं. सकाळी भांडी घासून, दोन-तीन तासांत संपेल एवढ्याच पाण्यात, लेबलवर लिहिलेल्या मापाने मिसळा आणि भांडं उन्हात ठेवू नका. उजेडाने बी-२ नासतं.

दोन गोष्टी मात्र दुकानात कुणी सांगत नाही. रक्ती हगवणीवर अँप्रोलियम देतात. हे औषध बी-१ ची नक्कल करून जंतूला उपाशी पाडतं. त्याच वेळी शक्तीसाठी म्हणून बी-कॉम्प्लेक्स पाजलं तर औषधाचाच जोर जातो. आधी कोर्स पुरा करा, मग जीवनसत्त्व. दुसरी गोष्ट, माणसांची औषधं. डी-३ ची ६०,००० युनिटची पुडी घरोघर पडलेली असते आणि पाय ओढणाऱ्या कोंबड्याला ती घातल्याचं मी ऐकलं आहे. चांगल्या खाद्यात किलोमागे साधारण २,००० ते ३,००० युनिट डी-३ असतं. कोंबडा दिवसाला खातो १००-१२० ग्रॅम. म्हणजे एका पुडीत त्याचा पाच महिन्यांहून जास्त काळाचा वाटा. बी गटातलं जास्तीचं बरंचसं लघवीवाटे निघून जातं. ए आणि डी अंगात साठतात, आणि डी फार झालं की मूत्रपिंडांत चुना धरतो.

चुन्यावरून आठवलं, खाद्यातल्या कॅल्शियमचंही सांगते. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या लेअर मॅशमध्ये साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. नराला आणि वाढत्या पिल्लांना एक टक्क्याच्या आसपास पुरतं. एकाच थाळीत सगळ्यांना लेअर मॅश घातलं की तलंगा आणि कोवळे नर मूत्रपिंडांनी जातात. कापून बघितलं तर आतड्या-काळजावर खडूसारखा पांढरा थर असतो. सगळे एकत्रच असतील तर ग्रोअर खाद्य घाला आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. ज्यांना अंडं घालायचं आहे त्या बरोबर तिकडे जातात. उबवणीची अंडी काढायची असतील तर अंडी गोळा करण्याआधी काही आठवडे नर-मादी दोघांच्या खाद्याकडे नीट बघा. ई कमी पडलं तर नराचं बीज दुबळं होतं, आणि बी-२ कमी असलेल्या मादीच्या अंड्यांत पिल्लू आतच मरतं.

मानमोडीची लस टाळू नका. पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब डोळ्यात, महिन्याभराने पुन्हा, आठव्या आठवड्याच्या आसपास पंखाखाली आर-टू-बी. कुपी शंभर किंवा जास्त मात्रांची येते आणि कालवल्यावर एक-दोन तासांत संपवावी लागते, म्हणून एकट्याने आणू नका. वाडीतल्या चार-पाच घरांनी मिळून एक दिवस ठरवा, बर्फात आणा, सगळ्यांच्या कोंबड्यांना एकदम द्या.

एवढं करूनही पक्षी मेला तर ओढ्यात फेकू नका आणि कापून खाऊ नका. एकदम बरेच मेले तर काहीही हलवण्याआधी दवाखान्यात कळवा. १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा क्रमांक आहे. डॉक्टरांनी मागितलं तर ताजा मेलेला पक्षी दुहेरी पिशवीत, बर्फावर ठेवून, गोठवू न देता लगेच पाठवा. सोबत त्या दिवशी घातलेल्या खाद्याची अर्धा किलोची पुडी द्या, आणि कुठली लस, कुठली बाटली, कोणत्या तारखेला दिली ते कागदावर लिहा.