काळा कोट, खतावणी आणि वर्दी

कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व)

चि. प्रज्ञा,
सप्रेम जयभीम.

तू पाठवलेलं मृत्युलेखाचं कात्रण दोनदा वाचलं. परदेशातला कोण तो गृहस्थ, आधी वकील, मग व्यापारी, मधे सैन्यात अधिकारी, आणि नव्वदी ओलांडून गेला. खाली तू लिहिलंस, ‘मामा, एका जन्मात हे तिन्ही कसं जमतं? नाहीतर मी एलएल.बी. सोडूनच देते.’ तुझ्या त्या ‘नाहीतर’नं रात्री झोप उडवली.

आयुष्य लांबलचक मिळालं म्हणून त्याला जमलं, असं तुला वाटत असेल. बाबासाहेबांना पासष्ट वर्षं मिळाली आणि या तिन्ही वाटा ते बत्तिसाव्या वर्षापर्यंत चालून आले होते. जयंतीच्या भाषणांत वकिली येते, बाकीच्या दोन गोष्टी कोणी फारशा सांगत नाही.

जानेवारी 1913. बी.ए. झालेला सुभेदाराचा मुलगा बडोदा संस्थानच्या सैन्यात लेफ्टनंट झाला. नोकरी सुरू होते न होते तोच 2 फेब्रुवारीला वडील गेले. पुढे सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठ, आणि त्या शिष्यवृत्तीच्या करारानुसार 1917 च्या सप्टेंबरात पुन्हा बडोदा. महाराजांचे लष्करी सचिव म्हणून. पद मोठं, पण विटाळ नको म्हणून शिपाई कागद लांबूनच टेबलावर टाकत. राहायला जागा मिळेना म्हणून नाव बदलून ते एका पारशी विश्रामगृहात उतरले, तर अकराव्या दिवशी डझनभर माणसं काठ्या घेऊन दारात उभी राहिली. उरलेला दिवस बागेत काढून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी पकडली. संपली वर्दी.

मुंबईत त्यांनी शेअर बाजारातल्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेला माणूस, आणखी कुणाचा सल्ला घ्यायचा? पण सल्लागार कोणत्या जातीचा हे कळल्यावर गिऱ्हाईक येईनासं झालं. नोव्हेंबर 1918 मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पैसा साठवून लंडनला गेले, बॅरिस्टर झाले आणि 1923 च्या जुलैपासून मुंबई हायकोर्टात उभे राहू लागले. सनदेपुरतेही पैसे नव्हते, ते नवल भथेना या मित्रानं दिले. काठ्या घेऊन आलेलेही पारशी आणि हा मित्रही पारशी, हे मला दर वेळी आठवतं.

आता बघ, आधीचं काय वाया गेलं? वकिली चालेना तेव्हा 1925 ते 28 ते बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत शिकवत होते. विषय कोणता, तर व्यापारी कायदा. आणि 1941 मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेल्यावर महारांच्या पलटणीसाठी ते भांडले. त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. लष्करी छावणीत जन्मलेला मुलगाच असं नेमकं भांडू शकतो, असं आपलं माझं मत.

तुझ्या आजीच्या खिडकीतून दिसतो त्या गोदरेजच्या कारखान्याचं मूळही वकिलीतच आहे. अर्देशीर गोदरेज वकील होते, झांझिबारला गेले होते. खटल्यात स्वतःला न पटणारं बोलायचं नाही म्हणून त्यांनी वकिली सोडली. आधी शस्त्रक्रियेची अवजारं करून पाहिली, तिथे जम बसला नाही, मग 1897 ला लालबागला कुलपं. पण फरक ओळख. अर्देशीरनी दार स्वतः ओढून घेतलं, बाबासाहेबांच्या तोंडावर ते लावलं गेलं. तुझं कोणी लावलेलं नाही, आणि पटत नाही म्हणूनही तू निघालेली नाहीस. कॉन्ट्रॅक्टचा पेपर राहिला म्हणून निघालीस. त्याला धंदा बदलणं म्हणत नाहीत गं.

मी धंदा करून पाहिलाय. स्टेशनजवळ टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान, दीड वर्ष. उधारीची वही भरत गेली, गल्ला रिकामा. वसुलीची नोटीस कशी लिहायची हे ठाऊक नव्हतं आणि विचारायची लाज वाटली. त्या वेळी घरात एखादी वकील असती तर बरं झालं असतं.

सैन्याचं वेड खरं असेल तर वाट आहे. एलएल.बी. झाल्यावर सैन्याच्या जॅग शाखेत, म्हणजे कायदा विभागात, मुलींनाही अधिकारी होता येतं. पाच दिवसांची एसएसबी मुलाखत असते, तिथे नुसतं पाठांतर चालत नाही. दुसरी वाट टेरिटोरियल आर्मीची. तिथे तर आधी पोटापाण्याचा उद्योग असावा लागतो, तो सांभाळून वर्दी. अधिकाऱ्याला बेचाळीसपर्यंत अर्ज करता येतो. तू एकवीसची आहेस.

आमची बिल्डिंग पुनर्विकासाला जायची आहे. सोसायटीनं बिल्डरचा करारनामा वाचायला दिलाय, चौसष्ट पानं. भाडं किती महिने मिळणार ते कलम मी तीनदा वाचलं, अजून नीट लागत नाही. रविवारी ये. तुझं कॉन्ट्रॅक्टचं पुस्तक घेऊन ये, आणि ठाणे बाजूनं येशील तर टागोर नगरच्या नाक्यावरून माझी बीपीची गोळीही आण.

तुझा,
मामा