आधी तारीख तपासा, मग वय मोजा

माझ्या बाबांच्या तीन जन्मतारखा आहेत. आजोबांच्या वहीत शके १८६७ची कोजागरी, म्हणजे ऑक्टोबर १९४५. शाळेच्या दाखल्यावर १ जून १९४४, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि गुरुजींना पोर पटावर घ्यायचं असायचं. त्या पिढीतले १ जूनवाले महाराष्ट्रात घरोघरी सापडतील. तिसरी आधार कार्डावरची, १ जानेवारी १९४४. शिबिरात बाबांनी दाखला पुढे केला, तर तिथल्या मुलाने तो हातातही घेतला नाही. वय विचारलं, त्यावरून साल काढलं आणि १ जानेवारी टाकून मोकळा झाला.

चुलतभावाने नेमकी हीच तारीख मोबाइलमध्ये घातली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सहस्रचंद्रदर्शनाचा घाट घातला. मी वही घेऊन त्याच्याकडे गेले. "ताई, सरकारने छापलंय ते खरं, की आजोबांनी लिहिलेलं?" एवढं म्हणून तो हॉलवाल्याशी फोनवर बोलायला लागला. वही उघडूनसुद्धा पाहिली नाही.

समारंभात स्टेजवर भलामोठा फलक होता. जन्मवार शनिवार, रास मकर, आयुष्याचे एकूण दिवस, तास, मिनिटं. भाऊ माइकवर एकेक ओळ वाचत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. बाबा शेजारच्या गृहस्थांना हळूच म्हणाले, "आई सांगायची, दूध आटत होतं तेव्हा मी झालो." त्या गृहस्थांनी हसून मान डोलावली आणि पुन्हा स्टेजकडे पाहिलं. तेव्हा माझा जीव तुटला. १ जानेवारी १९४४ला शनिवारच होता, बेरीज-वजाबाकी बिनचूक होती, आणि त्यातलं बाबांचं काहीच नव्हतं.

रासही तशीच. ही मोबाइलवाली मंडळी सूर्यावरून रास सांगतात, आपल्या पत्रिकेतली रास चंद्रावरून असते. कोजागरीचा चंद्र अश्विनी नक्षत्राच्या आसपास असतो, म्हणजे रास मीन किंवा मेष. मकर कुठून आली?

हजार पौर्णिमांचा हिशेबही सांगते. दोन पौर्णिमांत सरासरी २९.५३ दिवस, म्हणून हजारांना सुमारे ८० वर्षं १० महिने लागतात. त्या दिवशी बाबांना नुकती ७९ पूर्ण झाली होती. बावीसेक पौर्णिमा अजून बाकी होत्या.

या तारखांनी बाबांचं आधीच नुकसान केलं आहे. महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला सरकारी कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. बाबा दाखल्यावरच्या १ जूनमुळे ३१ मे २००२ला घरी आले. खऱ्या तारखेने ऑक्टोबर २००३ अखेरपर्यंत नोकरी होती. सतरा महिन्यांचा पगार गेला. राज्य शासनाच्या नोकरीत नवीन असाल तर आजच सेवापुस्तक उघडा. जन्मतारीख दुरुस्त करायची तर अर्ज पहिल्या पाच वर्षांत करावा लागतो, नंतर कोणी दाद देत नाही.

जुन्या माणसाची खरी तारीख काढायची तर तिथी विचारा. शक असेल तर चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवा. मार्गशीर्ष-पौषात जानेवारी लागला असेल तर ७९, माघ-फाल्गुनातही ७९. तिथी आठवत नसेल तर मोठी घटना विचारा: कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७चा, पानशेतचा पूर १२ जुलै १९६१चा. तिथी आणि तारीख दर १९ वर्षांनी एखाद्या दिवसाच्या फरकाने पुन्हा जुळतात, त्यावर पडताळा घेता येतो. "ऐंशीवं लागलं" आणि "ऐंशी पूर्ण झाली" यांत वर्षाचं अंतर आहे, अर्ज भरताना नीट विचारून घ्या. कागदपत्रं जपून ठेवा, हे वेगळं सांगायला नको.

आणि आधारवरची तारीख म्हणजे ब्रह्मवाक्य, असं कोणी तोंडावर सांगितलं तर ऐकून घेऊ नका. वय ठरवायला आधारपेक्षा शाळेचा दाखला ग्राह्य, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्येच एका अपघात भरपाईच्या प्रकरणात म्हटलं आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या बाळांसाठी तर जन्मदाखलाच लागतो. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, तेव्हा दाखला हातात असल्याशिवाय केंद्रावर जाऊ नका, आणि पावतीवरची तारीख तिथेच उभं राहून वाचा. समोरचा घाई करत असला तरी वाचा.

बाबांच्या हजार पौर्णिमा ऑगस्ट २०२६च्या सुमारास पूर्ण होतात. तेव्हाचा कार्यक्रम मी करणार आहे, आजोबांच्या वहीवरून.