30 अंश खरे, पण मोजायचे कुठून?

प्रश्न : पावसाळ्यात पडणाऱ्या फांद्या कापायला आमच्या सोसायटीने पेट्रोलवरची चेन सॉ घेतली आहे. साखळीला धार लावायची तर दुकानदार 30 अंश सांगतो, मुळशीचे एक नातेवाईक 25 म्हणतात आणि व्हिडिओतला माणूस 35. आम्ही तिन्ही करून पाहिले, करवत काही कापत नाही. बरोबर कोण?
– एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : तिघेही बरोबर आहेत. त्यांचे एकमेकांशी भांडण नाही, तिघांच्या डोळ्यांसमोरची लाकडे वेगळी आहेत. तुमची करवत न कापण्याचे कारण मात्र बहुधा या तीन आकड्यांत नाहीच.

आधी कोनाचे पाहू. साखळीवरचा एक दाता जवळून बघा. त्याला एक उभी बाजू आहे आणि तिच्यावर छपरासारखा आडवा पत्रा. उभी बाजू लाकडाचे तंतू तोडते, छप्पर तो तुटलेला भाग उचलून बाहेर काढते. तुम्ही विचारता तो कोन या छपराच्या पुढच्या कडेचा तिरकेपणा. तिरकेपणा वाढवला की धार पातळ होते, ओल्या-मऊ लाकडात सरसर शिरते, पण लवकर बोथटते. तो कमी केला की धार जाड राहते, कापते जरा सावकाश, पण टिकते. दाढीच्या पात्याने कोणी नारळ सोलत नाही, तसेच हे. म्हणून ताज्या ओल्या गुलमोहराला 35 चालतील, वाळलेल्या बाभळीला किंवा चिंचेला 25 बरे. मिश्र कामाला 30. बहुतेक साखळ्या कारखान्यातून याच कोनात येतात. ओंडक्याच्या लांबीला फळ्या पाडायच्या असतील तरच 10 अंशांपर्यंत उतरतात. तो उद्योग सोसायटीत होऊ नये.

आता खरी गोम. हे 30 अंश साखळीच्या पट्टीपासून मोजायचे नसतात. पट्टीला काटकोनात एक रेघ कल्पा आणि तिथून 30 मोजा. म्हणजे कानस आणि पट्टी यांच्यात 60 अंश राहतात. पट्टीपासूनच 30 मोजून घासले, तर धार इतकी पातळ होते की पहिल्याच फांदीत तिची कड दुमडते. कोनमापक शोधायचीही गरज नसते. बऱ्याच साखळ्यांच्या दात्यावर, छपराच्या मागच्या टोकाजवळ, एक बारीक तिरकी रेघ कोरलेली असते. कानस तिला समांतर धरा. दाता झिजत त्या रेघेपर्यंत आला की साखळी बदलायची, असाही तिचा अर्थ.

कानस गोल हवी, आणि तिची जाडी साखळीच्या मापाची. ती छपराच्या वर आपल्या जाडीच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढीच डोकावली पाहिजे. खाली दबली तर दात्याला आकड्यासारखे टोक येते आणि तो लाकडात अडकत राहतो. वर राहिली तर धार मागे कलते आणि दाता नुसता घसरतो. घासायचे दात्याच्या आतून बाहेर, एकाच दिशेने. परतताना कानस उचलायची. मागे-पुढे रेटली तर कानसच बोथट होते.

दाते एकाआड एक डावे-उजवे असतात. बहुतेकांचा उजवा हात जास्त जोर लावतो, मग एका बाजूचे दाते आखूड होतात. जास्त चावणाऱ्या बाजूकडे करवत ओढली जाते आणि काप वाकडा जातो. अशा वेळी 25 की 35 हा वाद व्यर्थ आहे. 28 अंश चालतील, पण सगळीकडे 28 हवेत आणि दाते लांबीला सारखे हवेत.

तरीही भुसा पिठासारखा बारीक पडतो? मग प्रत्येक दात्याच्या पुढचा छोटा उंचवटा पाहा. त्याला डेप्थ गेज म्हणतात. दाता लाकडात किती खोल शिरणार, हे तो ठरवतो. दात्याचे छप्पर मागे उतरते असते, त्यामुळे घासत गेलात की धारेची उंची कमी होते. उंचवटा मात्र आहे तिथेच राहतो आणि शेवटी दात्याला लाकूड लागू देत नाही. धार उत्तम, काप शून्य! वारंवार घासूनही करवत कापत नसेल, तर माझा पहिला संशय यावर. छोट्या यंत्रांत तो धारेपेक्षा साधारण 0.65 मिमी खाली लागतो. मापपट्टी लावून चपट्या कानशीने तेवढाच घासा. ‘अजून थोडा घासला तर जोरात कापेल’ हा विचार महागात पडतो. दाता घास मोठा घेतो आणि पट्टीचे टोक लाकडाला लागले तर करवत उसळून तोंडाकडे येते.

पुण्यात एक भर आणखी : खिळे. क्लासेसच्या पाट्या झाडांना ठोकणाऱ्यांची कृपा. खिळा लागलेल्या दात्याच्या कडेवर उजेडात पांढरी चकाकणारी रेघ दिसते. धारदार कड चकाकत नाही. ती रेघ जाईपर्यंत घासा आणि मग बाकीचे दाते त्याच्या लांबीला आणा. वेळखाऊ आहे, पण इलाज नाही.

उभ्या झाडाची फांदी असेल, तर ते तुमच्याच आवारात असले तरी 1975 चा वृक्षसंरक्षणाचा कायदा लागू होतो. करवत सुरू करण्याआधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे परवानगी मागा.

कानस बोहरी आळीत मिळेल. जाण्याआधी साखळीची पिच काढा : लागोपाठच्या तीन रिव्हेटांपैकी पहिल्या आणि तिसऱ्या रिव्हेटच्या मध्यांतले अंतर मोजून निम्मे करा. 0.325 इंच आले तर 4.8 मिमीची कानस. 3/8 इंच आले आणि साखळी छोट्या यंत्रांची बुटकी असेल तर 4 मिमीची. मोठ्या यंत्राच्या 3/8 साखळीला जाड कानस लागते, म्हणून साखळीचे खोके सोबत न्या.