बंदिवानांची आठवण
पाठ : उत्पत्ति ४०, फिलेमोनास पत्र

मिसरांतील तुरुंगांत योसेफानें प्यालेबरदारास एवढेंच विनविलें कीं, सुटल्यावर आपली आठवण ठेवावी. तो सुटला आणि विसरला. निरपराधी योसेफ पुढें दोन वर्षें तेथेंच राहिला. प्रिय बंधुभगिनींनो, आपण कोणाला विसरलों आहों?

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं वेगळा झाला, तरी डहाणू व तलासरीकडील पुष्कळ आरोपी ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहांत असतात. भेटीस जावयाचें तर डहाणू रोडहून निघून वसईस किंवा दादरास गाडी बदलावी लागते, आणि दिवसाची मजुरी बुडते. २०२२ सालच्या सरकारी अहवालाप्रमाणें देशांत ५,७३,२२० बंदिवान होते. त्यांपैकीं ४,३४,३०२ जणांचा न्याय व्हावयाचाच होता. जामीन मंजूर होऊनही पैशाअभावीं कित्येक आंतच राहतात.

यास्तव उपदेशकांनीं तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली : १९८७ च्या कायद्यान्वयें अनुसूचित जमातीच्या मनुष्यास, तसेंच कोठडींतील कोणासही, सरकारी खर्चानें वकील मिळतो. दुसरी : १ जुलै २०२४ पासून चालू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणें, पूर्वीं दोषी न ठरलेल्या आरोपीनें कमाल शिक्षेचा तृतीयांश काळ कोठडींत काढिल्यास न्यायालयानें त्यास सोडावें, मात्र फांशी वा जन्मठेपेचा अपराध असल्यास, किंवा एकाहून अधिक खटले असल्यास, ही सवलत नाहीं. तिसरी : गरिबांच्या जामिनाची वा दंडाची रक्कम भरण्याकरितां केंद्र सरकारनें २०२३ सालीं योजना काढिली, तिची चौकशी तुरुंगाधिकाऱ्याकडे करावी.

परंतु खरी कसोटी सुटकेनंतर लागते. तुरुंगांत सुतारकाम वा विणकाम शिकलेल्यास गांवांत कोणी काम देईना, तर तें शिक्षण व्यर्थ होय. औंध संस्थानानें १९३९ सालीं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसविलें. तेथें बंदिवान भिंतीवांचून, कुटुंबासह, शेती करून राहूं लागले. विश्वास टाकिल्यानें मनुष्य सुधारतो, हें त्यांत दिसलें.

अपराध झांकावा असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याचें नुकसान झालें त्याच्या दारीं प्रथम जावें. पौलानेंही अनेसिमाचा दोष लपविला नाहीं. त्याचें देणें स्वतःच्या अंगावर घेऊन, त्यास बंधु म्हणून धन्याकडे पाठविलें. आपल्या मंडळींत परत आलेल्यास बसावयास जागा करून देणारा कोण आहे?

प्रश्न : (१) प्यालेबरदार कां विसरला असावा? (२) आपल्या पाड्यांतील कोणाच्या घरचा मनुष्य तुरुंगांत आहे? त्या घरीं या आठवड्यांत कोण जाईल?