शुद्धीवर आला म्हणजे वाचला, असे नव्हे

आपल्या वस्तीतली किती घरे रस्त्यावर पोट भरतात, ते एकदा मोजून पाहा. कोणी ट्रकवर ड्रायव्हर आहे, कोणी क्लीनर, कोणी माल चढवणारा-उतरवणारा हमाल. कोणी पहाटे झाडू घेऊन निघते, कोणी भंगार वेचते, कोणी दुचाकीवरून पार्सल पोहोचवते. ट्रक, डंपर, टँकर, कंटेनर रोज यांच्या अंगावरून जावेत इतक्या जवळून जातात. म्हणून या वेळी ट्रकच्या अपघातात मेंदूला होणाऱ्या इजेविषयी बोलू.

मी अपघात विभागात नर्स होते तेव्हाची गोष्ट. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा. शेजारून जाणाऱ्या ट्रकचा धक्का त्याच्या गाडीच्या हँडलला लागला आणि तो पडला. काही मिनिटे शुद्ध नव्हती. मग उठला, कपडे झटकले, गाडी ढकलत घरी आला. डोके दुखते म्हणाला, घरातली गोळी घेतली आणि झोपला. रात्री तो मोठमोठ्याने घोरत होता. आईला वाटले, दमलाय, गाढ झोप लागली. सकाळी हलवले तर उठेना. आमच्याकडे आणले तेव्हा त्याच्या एका डोळ्याची बाहुली मोठी झाली होती. ऑपरेशन झाले, पण वेळ निघून गेली होती. आई एकच वाक्य सांगत होती, "चालत आला हो घरी. चहा पिला माझ्या हातचा."

त्या माउलीची चूक नव्हती. तिला हे कोणी सांगितलेच नव्हते.

डोक्याच्या आत काय होते?

मेंदू खरवसासारखा मऊ असतो. वजन साधारण १,४०० ग्रॅम. कवटीच्या पेटीत तो पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. आता धडकेचा हिशोब करा. भरलेला साधा ट्रक १५ ते २० टनांचा, तर दुचाकी माणसासकट जेमतेम २०० किलोची. धडकेत ट्रकच्या वेगात फारसा फरक पडत नाही. सगळा हिसका दुचाकीवाल्याला बसतो. डोके रस्त्यावर आपटून थांबते, पण आतला मेंदू पुढे जाऊन कवटीवर आदळतो, पिळला जातो. त्याच्या बारीक तंतूंना ताण बसतो, रक्तवाहिन्या फुटतात. बाहेर खरचटलेलेही नसेल, तरी आत इजा असू शकते.

रक्तवाहिनी फुटली तरी रक्त साचायला कधी कधी काही तास लागतात. तेवढ्या वेळात माणूस बोलतो, चालतो, चहा पितो. कवटी हाडाची, तिला फुगायला जागा नाही. रक्ताची गाठ वाढली की मेंदू दाबला जातो आणि शेवटी श्वास चालवणारा भागही दाबला जातो. त्या मुलाचे घोरणे ही झोप नव्हती. तो बेशुद्धीतला श्वास होता. म्हाताऱ्या माणसांत आणि रोज दारू पिणाऱ्यांत रक्त आणखी हळू साचते. दुखणे दोन-तीन आठवड्यांनीही वर येते.

ही लक्षणे दिसली तर तासभरही थांबू नका

• थोडा वेळ जरी शुद्ध हरपली असेल, किंवा अपघात कसा झाला ते आठवत नसेल
• पुन्हा पुन्हा उलटी होणे
• डोकेदुखी वाढत जाणे
• झोप अनावर होणे, उठवायला त्रास पडणे, वेगळ्याच आवाजात घोरणे
• बोलणे असंबद्ध किंवा बोबडे होणे, घरच्यांना न ओळखणे
• एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे
• झटके येणे
• दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणे
• नाका-कानातून रक्त किंवा पाणी येणे

तपासून घरी पाठवले तरी पहिले २४ तास जखमीला एकटे ठेवू नका. रात्री दर दोन-तीन तासांनी उठवा, नाव विचारा, हात दाबायला सांगा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुखण्याची कोणतीही गोळी देऊ नका. काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो.

आणखी एक. आपला माणूस रस्त्यावर पडलेला दिसला की लोक म्हणतात, "प्यायलाय, पडू द्या." कधी रुग्णालयातही हेच ऐकू येते. दारूचा वास येतो म्हणून डोक्याला इजा नाही, असे होत नाही. प्यायलेल्याच्या बाबतीत जास्त तपासायला हवे. ठामपणे सांगा, "डोक्याला मार लागलाय, आधी तपासा."

अपघाताच्या जागी

१०८ ला फोन करा. जखमीला काखेत धरून ओढू नका, रिक्षात कोंबू नका. मानेलाही इजा असू शकते. डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवूनच चार जणांनी उचला. उलटी होत असेल तर त्याच रेषेत कुशीवर वळवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. पाणी पाजू नका. कांदा, चप्पल हुंगवू नका. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा, पण हाड आत गेल्यासारखे वाटले तर जोर देऊ नका. कानातून रक्त येत असेल तर बोळा कोंबू नका. श्वास अडत नसेल तर हेल्मेट ओढून काढू नका.

पोलिसांच्या भानगडीला घाबरून मागे हटू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४अ आले. मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता देण्याची सक्ती करता येत नाही. कोणत्याही डॉक्टरने तातडीचे उपचार नाकारायचे नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले आहे. मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे. तिच्यात रस्ता अपघातातील जखमीला ठरवून दिलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळू शकतात. दाखल करतानाच त्याविषयी विचारा.

डॉक्टर 'जीसीएस' म्हणतील. डोळे उघडणे, बोलणे आणि हात-पाय हलवणे यांना दिलेले हे गुण आहेत. सगळ्यांत कमी ३, पूर्ण १५. आठ किंवा त्याखाली म्हणजे इजा गंभीर. आकडा विचारा आणि लिहून ठेवा. तो वाढतोय की उतरतोय, हे महत्त्वाचे.

घरी परत आल्यावर

कवटीचा तळ खडबडीत असतो. त्यामुळे कपाळामागच्या आणि कानाजवळच्या मेंदूला जास्त मार बसतो. राग आवरणे, विचार करून बोलणे, लक्षात ठेवणे ही कामे याच भागांची. म्हणून टाके सुकतात, माणूस चालू-फिरू लागतो, आणि घरात वेगळेच दिसू लागते. शांत माणूस भांडी फेकतो, तेच तेच विचारतो, पैसे उडवतो, लेकरांवर धावून जातो. शेजारी म्हणतात, "माजलाय." कोणी म्हणते, "बाहेरचे आहे, भगताकडे न्या." बाहेरचे काही नसते. ही मेंदूची जखम आहे. तिला डॉक्टर, फिजिओथेरपी, बोलण्याचे व्यायाम आणि मानसोपचार लागतात.

झटक्यांची गोळी मनाने बंद करू नका. दारू पूर्ण बंद. डॉक्टर सांगेपर्यंत गाडी चालवणे, उंचावर चढणे नको. दिवसाची कामे कागदावर लिहून भिंतीला लावा, एका वेळी एकच काम सांगा, गोंगाट कमी ठेवा. सुधारणा महिनोन्महिने होत राहते.

हा भार बहुतेक घरांत बायकोवर किंवा आईवर पडतो. ती मार खाते आणि बोलत नाही. आजार आहे म्हणून मार सहन करायचा, असे नाही. डॉक्टरांना सांगायचे आणि सुरक्षित राहायचे. तिच्यासाठी शेजारच्या बायांनी आठवड्यातून दोन दुपारी जखमीजवळ बसावे. तेवढी झोपही तिला पुष्कळ.

हक्काचा पैसा सोडू नका

"घरी जिन्यावरून पडला" असे रुग्णालयात सांगण्याची चूक अनेक जण करतात. मग पोलीस नोंद होत नाही आणि दाव्याचा आधारच जातो. खरे सांगा, 'एमएलसी' नोंद करून घ्या, ट्रकचा नंबर टिपा. जागेवर दहा-वीस हजारांत मिटवू नका. ट्रकचा विमा कायद्याने सक्तीचा आहे, भरपाई विमा कंपनीकडून मिळते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा असतो. ट्रक पळून गेला आणि सापडलाच नाही, तर २०२२ च्या योजनेत मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये आहेत. अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात. महिला, अनुसूचित जातीच्या आणि अपंग व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही.

२००७ साली उत्तर भारतात आईवडिलांबरोबर ट्रॅक्टरवरून जाणाऱ्या १२ वर्षांच्या मुलीला ट्रकने धडक दिली. मेंदूची इजा इतकी की तिची समज तान्ह्या बाळाएवढी राहिली. खालच्या न्यायाधिकरणाने सुमारे ११ लाख दिले होते. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६२ लाख २७ हजार रुपये दिले. तिला सांभाळणाऱ्या दोन माणसांचा आयुष्यभराचा खर्चही त्यात धरला. सांभाळण्याच्या कष्टाला किंमत आहे, हे आपल्या बायांनी या निकालातून लक्षात ठेवावे.

इजा होऊच नये म्हणून

२०२२ साली देशात रस्ता अपघातात १,६८,४९१ माणसे गेली. त्यात सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्के कमी होतो. आयएसआय खुणेचे घ्या, पट्टा लावा, मागे बसणाऱ्या बाईलाही घाला. ट्रकच्या डाव्या बाजूला आणि अगदी पुढे उभे राहू नका. तिथले ड्रायव्हरला दिसत नाही. वळताना मागचे चाक आतून कापत येते.

आणि ड्रायव्हर भावांनो, उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करू नका. सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापून निकामी होतात. पुण्याच्या नवले पुलाजवळ २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री उतारावरून आलेल्या एका ट्रकने चाळीसहून अधिक वाहनांना धडक दिली. पण सगळा दोष ड्रायव्हरच्या माथी मारून चालणार नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात कामाच्या तासांची मर्यादा होती. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास. २०२५ साली नव्या कामगार संहितेने त्या कायद्याची जागा घेतली. सलग दोन रात्री गाडी चालवायला लावणारा मालकही दोषी असतो. तुमची झोप हा तुमचा हक्क आहे, आणि रस्त्यावरच्या लेकराचा जीवही त्यावरच टिकतो.

वरची लक्षणांची यादी कापून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. "चालत घरी आला" असे कोणी म्हणाले, तर त्याच रात्री रुग्णालयात चला.