पत्र्याच्या खोलीत चामडं टिकवायचं कसं?

पर्स, पट्टे, पाकिटं घरी शिवणाऱ्यांसाठी आजचा धडा आहे, पण शिलाईचा नाही, साठवणुकीचा. या धंद्यात पैसा मशीनवर कमी आणि कपाटात जास्त बुडतो.

साधा हिशोब करा. समजा, १२० रुपये फुटाने ४० चौरस फूट चामडं आणलं, म्हणजे ४,८०० रुपये झाले. त्यातलं १० फूट बुरशीने डागाळलं की १,२०० गेले. एका पर्सला २ फूट धरलं तर ५ पर्सचा माल गेला. बचत गटाच्या कर्जातून घेतला असेल, तर हप्ता मात्र पूर्णच भरायचाय.

महाळुंगे पडवळ, घोडेगाव, मंचर या पट्ट्यात त्रास दोन बाजूंनी होतो. एप्रिल-मे मध्ये पत्र्याखाली चामडं सुकून कडक होतं, घडीवर तडकतं. जून ते सप्टेंबर दमट हवेत बुरशी धरते. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असेल तर उत्तम. ६५-७० च्या वर दिवसेंदिवस राहिली की बुरशी आलीच म्हणून समजा. आर्द्रतामापक काहीशे रुपयांत मिळतो. पहिली खरेदी त्याची करा, नव्या पंचची नाही.

मग ठेवायचं कसं? कांदा चाळ डोळ्यापुढे आणा. कांदा आपण जमिनीवर टाकत नाही, भिंतीला टेकवत नाही, खालून आणि बाजूने वारा खेळू देतो. चामड्याचंही तेच. जमिनीपासून वीतभर उंच लाकडी फळी, भिंतीपासून चार बोटं अंतर. चामडं घडी न घालता गुंडाळायचं, गुळगुळीत बाजू बाहेर. त्यावर जुनी सुती साडी किंवा मांजरपाट. प्लास्टिकची पिशवी नको, आत अडकलेला ओलावा बाहेर पडत नाही. आणि त्याच खोलीत युरियाची गोणी असेल तर आधी ती हलवा. खत हवेतला ओलावा ओढून घेतं आणि शेजारच्या मालालाही देतं.

हिरडा-बाभळीवर कमावलेलं चामडं असेल तर एक गोष्ट जास्त जपा. हिरडा आपल्याला परका नाही. तालुक्याच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या बाजूला तो आजही गोळा होतो. त्यातल्या टॅनिनला ओल्या लोखंडाचा स्पर्श झाला की निळसर-काळा डाग पडतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस घालून शाई करायचे, तीच ही क्रिया! तो डाग सहजासहजी निघत नाही. म्हणून लोखंडी रॅकवर कापड किंवा लाकडी फळी टाका, खिळ्याला चामडं अडकवू नका.

आता पांढरी पूड दिसली तर? लगेच घाबरू नका, ती बुरशीच असेल असं नाही. हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून द्या. पांढरेपणा वितळून नाहीसा झाला तर ती चामड्यातलीच वर आलेली चरबी, कोरड्या कापडाने पुसून टाका. तसाच राहिला, कुबट वास आला, तर बुरशी. तो तुकडा बाकीच्यांपासून लगेच वेगळा करा. तोंडाला मास्क लावून अंगणात, सावलीत ब्रशने झाडा. मग पाणी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्मं-निम्मं घेऊन कापड जेमतेम ओलं करून पुसा. आधी कोपऱ्यात बघा, रंग उतरतो का ते. पंख्याखाली वाळवा. उन्हात टाकण्याचा मोह होतो, पण उन्हात रंग उडतो आणि चामडं आखडतं.

सिलिका जेलच्या पुड्या झाकणबंद डब्यातच कामाच्या, म्हणजे कापलेले भाग, पट्ट्या वगैरेंसाठी. उघड्या खोलीत त्या ठेवणं म्हणजे गळक्या हौदात पाणी भरणं. खोबरेल तेलाचा जाड हातही नको, ते कालांतराने खवट होतं.

पण सगळ्यात स्वस्त उपाय खरेदीचा आहे. पावसाळ्यात तीन-चार आठवड्यांपुरताच माल घ्या. घाऊक सवलतीत वाचलेले पैसे बुरशी खाणार असेल, तर ती सवलत कसली? गुंडाळीवर खरेदीची तारीख लिहा, जुनं आधी वापरा, आणि आठवड्यातून एकदा कोरड्या दुपारी सगळ्या गुंडाळ्या उलगडून वारा द्या.

जाता जाता, चपला करणाऱ्यांसाठी. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे यांच्यासाठी. पुणे जिल्हा त्यात नाही. त्यामुळे आंबेगावात केलेली चप्पल कितीही छान असली, तरी तिच्यावर कोल्हापुरी असं लेबल लावू नका. स्वतःचं नाव द्या.